शिक्षकाचे शिक्षण : दोनशे वर्षांची वाटचाल



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सुरगाण्याच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानाच्या आडोशाला मी थांबलो होतो. आमच्या तालुक्यातला पाऊस आपल्याला ठाऊक आहेच. एकदा लागला की माणसाला बोलायला भरपूर वेळ मिळतो. दुकानदार चाचा माझ्या वडिलांच्या वयाचे. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यांनी विचारले, "मास्तर, तुमचं बी.ए. झालं, बी.एड. झालं, नोकरीही लागली. आता म्हणे एम.एड. करायचा विचार आहे. अहो, पुस्तक छापलेलं, फळा शाळेचा, पोरं समोर बसलेली. शिकवायला आणखी शिकायचं ते काय?"

मला त्यांचा राग आला नाही. खरे सांगायचे तर त्या वेळी मला उत्तरही सुचले नाही. हा प्रश्न एकट्या चाचांचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असतो. म्हणूनच मुलाला वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही की "मग निदान डी.एड. तरी कर" असे आपण म्हणतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने चाचांच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधावे असे वाटले. आपल्या महाराष्ट्रात शिक्षकाला शिकवण्याची कल्पना कशी आली, कशी वाढली आणि कोठे अडखळली, हे आपण थोडक्यात पाहू.

पंतोजींचा काळ

पूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा असत. देवळाच्या ओसरीवर, एखाद्या वाड्यात किंवा झाडाखाली मुले जमत. धुळीत अक्षरे गिरवणे, पाढे घोकणे, मोडी वाचणे आणि हिशेब करणे एवढा अभ्यासक्रम. मशिदीला लागून मकतब असे आणि तेथे मौलवी साहेब शिकवीत. पंतोजी काय किंवा मौलवी साहेब काय, यांना शिकवण्याचे वेगळे शिक्षण कोणी दिलेले नव्हते. आपले गुरू जसे शिकवीत तसे ते शिकवीत. मोठ्या मुलांनी लहानांकडून उजळणी करून घ्यायची ही आपल्याकडची जुनीच रीत. मद्रासमध्ये अँड्र्यू बेल या पाद्र्याने वर्गातील मुलांकडूनच मुलांना शिकवण्याची पद्धत राबवली, १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि ती इंग्लंडमध्येही पसरली. म्हणजे जुन्या शाळेत शहाणपण नव्हते असे नाही. परंतु ते शहाणपण कोणी तपासून पाहिलेले नव्हते. मूल शिकले नाही तर दोष मुलाचा आणि उपाय छडीचा, एवढाच नियम होता.

मुंबई इलाख्यात नव्या मराठी शाळा काढायचे ठरले तेव्हा पहिली अडचण पैशांची नव्हती, शिक्षकांची होती. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी त्यासाठी मुंबईत तरुणांना तयार करण्यास सुरुवात केली. मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १८२६ च्या सुमारास अशा तयार शिक्षकांची पहिली तुकडी जिल्ह्यांच्या शाळांकडे रवाना झाली. आज २०० वर्षे होत आली. पुढे १८४५ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षकांसाठी नॉर्मल वर्ग निघाला आणि त्याची धुरा बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण शिक्षकांचे शिक्षक ही त्यांची ओळख आपण विसरलो. दुर्दैवाने १८४६ मध्येच त्यांचे निधन झाले.

सावित्रीबाई आणि फातिमा

वाचकहो, १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली हे आपण सारे जाणतो. परंतु सावित्रीबाई फुले नुसत्या धैर्याच्या बळावर वर्गात उभ्या राहिल्या नाहीत. ज्योतिरावांनी त्यांना घरी शिकवले. त्यानंतर अहमदनगरला मिस सिंथिया फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. मिस फरार अमेरिकन मिशनच्या शिक्षिका. १८२७ मध्ये त्या मुंबईस आल्या, पुढे अहमदनगरला गेल्या आणि आपले उरलेले आयुष्य त्यांनी मुलींच्या शाळांना दिले. धैर्य आणि तयारी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा ती शाळा उभी राहिली.

या कामात सावित्रीबाईंच्या सोबत फातिमा शेख यांचे नाव आपला समाज आदराने घेतो. ज्योतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला आणि त्यांची बहीण फातिमा शाळेच्या कामात उतरली, असे परंपरेने सांगितले जाते. फातिमाबद्दल लिखित कागद फार थोडा आहे. पण १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून ज्योतिरावांना लिहिलेल्या पत्रात तिचे नाव आहे. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या. आपल्या मागे फातिमावर कामाचा भार पडत असेल याची काळजी त्यांनी त्या पत्रात व्यक्त केली आहे, आणि ती तक्रार करणार नाही असा भरवसाही. माझ्या विद्यार्थिनींनी हे पत्र अवश्य वाचावे. एक शिक्षिका दुसऱ्या शिक्षिकेबद्दल किती विश्वासाने बोलते ते त्यात दिसते.

अहवाल आणि नांगराची मूठ

१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणशाळा काढाव्यात आणि शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यावे असे सुचवले. १८८२ मध्ये हंटर आयोग आला. माध्यमिक शिक्षकांची अध्यापनाची तत्त्वे आणि प्रत्यक्ष सराव या दोहोंत परीक्षा घ्यावी, ही शिफारस त्याच आयोगाची. आज बी.एड., एम.एड. करणारा विद्यार्थी 'सिद्धांत' आणि 'प्रात्यक्षिक' अशा दोन रकान्यांत गुण मिळवतो. ती जोडी इतकी जुनी आहे.

या आयोगासमोर आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी घडल्या. पहिली, महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी दिलेले निवेदन. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि किमान १२ रुपये पगार द्यावा, असे त्यांनी मांडले. वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला लाजणार नाही असा शिक्षक त्यांना हवा होता. असा शिक्षक मुलांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा जाणेल, हा त्यामागचा विचार. दुसरी गोष्ट मुसलमान समाजाच्या शिक्षणाविषयीची. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांपैकी प्रमुख असलेले बद्रुद्दीन तय्यबजी यांनी आयोगापुढे साक्ष दिली. आयोगाने मुसलमान शिक्षकांसाठी प्रशिक्षणशाळा किंवा वर्ग काढावेत अशी स्वतंत्र शिफारस केली. शाळेची इमारत बांधून भागत नाही, त्या मुलांची भाषा आणि घर ओळखणारा शिक्षक घडवावा लागतो, हे १४० वर्षांपूर्वी लिहून ठेवले गेले.

पदवी आली

विसाव्या शतकात हे शिक्षण महाविद्यालयात गेले. १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने एम.एड. ही पदव्युत्तर पदवी सुरू केली. भारतात ती प्रथम मुंबईत आली. १९४१ मध्ये पुण्याला टिळक शिक्षण महाविद्यालय स्थापन झाले.

एम.एड.मध्ये काय शिकतात, हा चाचांचा प्रश्न. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मुलाच्या मनाचे शास्त्र, परीक्षा आणि मूल्यमापनाची पद्धत, आणि मुख्य म्हणजे संशोधन. वर्गातील एखादा प्रश्न घ्यायचा, माहिती गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि लघुशोधप्रबंध लिहायचा. वैद्य एकाच औषधाने बरा झालेला आणि न झालेला असे दोन्ही रोगी पाहतो आणि का, असे विचारतो. शिक्षकानेही एकाच धड्याने शिकलेले आणि न शिकलेले मूल पाहून का, असे विचारावे, एवढाच या अभ्यासाचा गाभा आहे.

परंतु पदवी आली तशी एक अडचणही आली. जर्मन विचारवंत हर्बार्ट आणि त्याच्या शिष्यांनी पाठाच्या पायऱ्या सांगितल्या होत्या. मुलाला आधी काय माहीत आहे तेथून निघावे, नवे ज्ञान त्याला जोडावे, तुलना करावी, नियम काढावा, तो वापरून पाहावा. विचार फार चांगला. आपल्याकडे त्याची 'पंचपदी' झाली. पाठ-टाचणाच्या वहीत आडवे-उभे रकाने आले. हळूहळू रकाना भरला म्हणजे पाठ झाला असे वाटू लागले.

वर्धा आणि कोसबाड

या कागदी वाटेला दोन मोठी उत्तरे महाराष्ट्रातच मिळाली.

पहिले वर्ध्याला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली आणि नव्या योजनेचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. जर्मनीत डॉक्टरेट मिळवून ते १९२६ मध्ये जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले होते. पुढे १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. या समितीने हस्तव्यवसायातून शिक्षण सांगितले हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. शिक्षकांच्या तयारीचा विचारही तिने तितक्याच काळजीने केला होता. पूर्ण अभ्यासक्रम ३ वर्षांचा आणि तातडीची गरज भागवण्यासाठी १ वर्षाचा. १९३८ मध्ये जामियातही शिक्षकांचे विद्यालय सुरू झाले. शिक्षक स्वतः हाताने काम करील तेव्हाच तो कामकऱ्याच्या मुलाला ओळखील, ही त्यामागची दृष्टी. पुढे अनेक ठिकाणी टकळी उरली आणि तालीम हरवली, ही गोष्ट वेगळी.

दुसरे उत्तर आमच्या घाटाखाली, समुद्राच्या बाजूला मिळाले. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी या खेड्यात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, ट्रेनिंग कॉलेजातून शिकून बाहेर पडलेल्या, आणि नोकरीची पहिली वर्षे आपल्या नाशिक जिल्ह्याच्या खेड्यात काढलेल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले.

तेथे त्यांना काय दिसले? मुले शाळेत येत नाहीत. मग शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. मुले गुरांमागे जातात. मग शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. मॉन्टेसोरीची महागडी साधने परवडत नाहीत. मग बिया, पाने, शिंपले, खडे हीच साधने झाली. मॉन्टेसोरीचा सिद्धांत त्यांनी सोडला नाही. तो वारली मुलाच्या अंगणात उभा राहील असा केला. १९७५ पासून देशभर चाललेल्या बालविकास योजनेतील 'अंगणवाडी' हा शब्द येथून गेला. वाचकहो, प्रगत अभ्यास म्हणतात तो हा. कोसबाडला शिक्षिकांचे प्रशिक्षणही चाले, आणि त्यांचा सराव पाठ निरीक्षकासाठी सजवलेल्या वर्गात होत नसे, वाडीवस्तीवर होत असे.

माझा एक पाठ

आता माझ्याविषयी थोडे सांगतो. त्याखेरीज हा लेख प्रामाणिक होणार नाही.

सुरगाणा १९४८ पर्यंत छोटे संस्थान होते. आज तो गुजरातच्या सीमेला लागून असलेला नाशिक जिल्ह्याचा आदिवासी तालुका आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांची वस्ती मोठी. बाजारपेठेत आपली काही घरे. भात, नागली, वरई ही पिके. भात निघाले की पुष्कळ कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि मुलेही बरोबर जातात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी सहावीला इतिहास शिकवीत होतो. विषय होता माणूस शेती करू लागला तो काळ. माझे टाचण उत्तम होते. पूर्वज्ञानाच्या रकान्यात मी लिहिले होते, 'विद्यार्थ्यांना शहरातील भाजीबाजाराची माहिती आहे.' हे वाक्य माझे नव्हते. बी.एड.ला असताना एका जुन्या विद्यार्थ्याच्या वहीतून मी ते उतरवले होते आणि तेव्हापासून ते माझ्या टाचणात राहिले होते. वर्गातील अर्ध्या मुलांनी नाशिक शहर पाहिलेले नव्हते.

मागच्या बाकावर एक मुलगा बसे. सहा-सात महिन्यांत तो माझ्याशी चार वाक्ये बोलला नव्हता. मध्ये दोन महिने गैरहजर. माझ्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे मी 'मंद' असा शब्द लिहिला होता. त्या दिवशी त्याला विचारले, "पहिला माणूस शेती कशी करीत असेल?" तो उभा राहिला, खाली पाहत राहिला. मी त्याला बसवले आणि पुढे गेलो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका शेताच्या बांधावर तो मला भेटला. वडिलांबरोबर राब भाजत होता. मी सहज विचारले, हे काय चालले आहे? आणि तो बोलू लागला. आपल्या कोकणा बोलीत, मधूनमधून माझ्यासाठी शाळेचे मराठी शब्द घालून. पाला-पाचोळा कसा पसरायचा, राखेने रोप कसे जोमाने येते, आवणीला पाऊस किती लागतो, नागलीसाठी उताराची जमीन का चालते. अर्धा तास तो शिकवीत होता आणि मी शिकत होतो. पहिल्या शेतकऱ्याविषयी मी वर्गात जे विचारले होते, त्याचे अर्धे उत्तर त्या मुलाच्या हातात होते.

घरी येऊन मी नोंदवही काढली. 'मंद' हा शब्द खोडला. पण सहा-सात महिने तो शब्द मुलाला माझ्या नजरेत दिसत असणार, तो कसा खोडणार? हर्बार्टची पहिलीच पायरी सांगते की मुलाला जे येते तेथून सुरुवात करा. ती पायरी मला परीक्षेसाठी पाठ होती. उत्तरपत्रिकेत तिचे गुणही मला मिळाले होते. दोष त्या सिद्धांताचा नव्हता, मला पदवी देणाऱ्या अभ्यासाचाही नव्हता. मी रकाना भरला होता, मूल पाहिले नव्हते.

पुढच्या वर्षी तोच पाठ मी राब आणि आवणीपासून सुरू केला. तास संपल्याची घंटा झाली तरी मुले बोलत होती. तो मुलगा मात्र तोपर्यंत शाळेतून गेला होता.

आपण काय करावे?

१९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने प्रशिक्षण महाविद्यालयांवर एक नेमका आरोप ठेवला होता. ती विद्यापीठापासून तुटलेली आहेत, शाळांपासून तुटलेली आहेत आणि एकमेकांपासूनही तुटलेली आहेत. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. खेड्यात राहून त्यांनी प्रत्यक्ष काम केले होते. त्यामुळे हा आरोप कोठून आला हे समजते. पुढे महाराष्ट्रात डी.एड. संस्थांचे अमाप पीक आले. सुमारे ३०० संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यानंतर २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. मुदत वाढली हे चांगले झाले. पण केवळ मुदत वाढवून मूल दिसू लागत नाही.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. आपल्या मुलीने किंवा मुलाने शिक्षक व्हायचे ठरवले तर प्रवेश कोठे सोपा आहे, हजेरीची सक्ती कोठे नाही, असे विचारू नका. सराव पाठ खऱ्या शाळेत किती होतात, पाठ पाहून चूक सांगणारा कोणी आहे का, असे विचारा. हजेरीशिवाय मिळालेली पदवी स्वस्त वाटते, पण तिची किंमत पुढे ३० वर्षे दुसऱ्यांची मुले भरतात. आणि आपल्या पाल्याच्या शिक्षकाला भेटाल तेव्हा "किती टक्के मिळाले?" एवढेच विचारून परत फिरू नका. "माझ्या मुलाला काय येते?" असे एकदा विचारून पाहा. ज्याला उत्तर देता येईल त्याचे प्रशिक्षण झाले आहे, असे समजा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांना हा पेशा घ्यावासा वाटतो त्यांनी तो उरलेला पर्याय म्हणून घेऊ नये. सावित्रीबाई, झाकिर हुसेन, ताराबाई आणि अनुताई यांनी तो निवडून घेतला होता.

राहिले चाचा. पाऊस थांबल्यावर पुन्हा दुकानात गेलो तेव्हा त्यांना बांधावरच्या मुलाची गोष्ट सांगितली. त्यांनी तराजू खाली ठेवला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, आमच्या नातवाच्या नावापुढं काय लिहिलंय तुम्ही?"

या प्रश्नाला निश्चिंत मनाने उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच मला पुढे शिकायचे आहे. एम.एड.चा अर्ज मी भरला आहे. लघुशोधप्रबंधाचा विषयही मनात ठरला आहे : घरी एक बोली आणि शाळेत दुसरी भाषा असलेल्या मुलांचे पूर्वज्ञान. त्याचा पहिला धडा मला एका बांधावर मिळाला. तो देणाऱ्याचे ऋण मान्य करून हा लेख पुरा करतो.